जप्ती कोटींची, उपचाराची तरतूद किती?

उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदरात ऑगस्ट २०२० मध्ये १९१ किलो हेरॉइन पकडण्यात आले. किंमत सांगितली गेली सुमारे एक हजार कोटी रुपये. पुढील वर्षी जुलैमध्ये आणखी मोठा साठा हाती लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये तर हेरॉइनचा लेप दिलेल्या ज्येष्ठमधाचा कंटेनरच सापडला. २०२१ चा साठा पंजाबकडे निघाला होता, तेव्हा हा सारा माल रायगडातच खपावयाचा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर असे आकडे उच्चारले जातात, त्या जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात व्यसनाधीनांच्या उपचारासाठी किती रक्कम धरलेली आहे, हे विचारण्याचा अधिकार येथील नागरिकाला आहे की नाही?

गर्द महाराष्ट्राला नवे नाही. ऐंशीच्या दशकात त्याने शहरांतील तरुणांना ग्रासले, तेव्हा डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास आर्थिक बळ दिले. दात्यांच्या औदार्यावर समाजाने कृतज्ञ असावे. शासनसंस्थांनी मात्र त्यावर निर्धास्त राहू नये.

व्यसन सुटले म्हणजे धोका टळला, ही समजूत जीवघेणी आहे. काही आठवडे गर्दापासून दूर राहिलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. घरी परतल्यावर एखाद्या दुबळ्या क्षणी तो पूर्वीचीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास मंदावत जातो. म्हणजे उपचार घेऊन परतलेलाच अधिक संकटात! ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने ही ओढ आवरता येते. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घ्यावे लागते. होडीवर रोजगार असलेल्या खलाशाने त्यासाठी वारंवार पुणे-मुंबई गाठावी काय?

अतिमात्रेवर उतारा आहे. नॅलोक्सोनचे इंजेक्शन काही मिनिटांत थांबत आलेला श्वास परत आणते. त्याचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून रुग्णाला पुढे रुग्णालयात न्यावेच लागते. पण तेवढ्यात जीव वाचलेला असतो. श्रीवर्धनहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयास पोहोचावयास काही तास लागतात, मेंदूला प्राणवायूवाचून काही मिनिटेच काढता येतात. हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात असावे लागते ते यासाठीच, आणि ही केंद्रे जिल्हा परिषदेचीच आहेत. सोबतचे मित्र पोलिसांच्या भयाने पळून जातात, ही आणखी एक अडचण. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण आहे, हे किती जणांस ठाऊक असते?

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. चैत्र-वैशाखात गावोगाव टँकर धावत असताना हा प्रश्न गैर नाही. पण दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम राखण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर आहेच. ते घातले गेले तेव्हा तिजोऱ्या भरून वाहत होत्या असे नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित विकार आजारातच गणले आहेत, तेव्हा हा खर्च कोणी उपकार म्हणून करावयाचा नाही. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांनी 'मुक्तिपथ' चालविला. तेथील लढा दारू-तंबाखूशी आहे, येथील पदार्थ निराळे. परंतु जिल्हा हे एकक धरून व्यसनाशी झुंजता येते, हे तेथे दिसले.

रायगड जिल्हा परिषदेने आणि किनाऱ्यावरील नगरपरिषदांनी उपचार, औषध व पाठपुरावा यांसाठी स्वतंत्र शीर्ष उघडावे. जनजागृतीच्या फलकांवर खर्च दाखवून हा विषय मिटवू नये. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील शिक्षकांनी व तरुणांनी अंदाजपत्रकाच्या सुमारास आपल्या लोकप्रतिनिधींना एवढेच विचारावे: आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात आज नॅलोक्सोन आहे काय, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला ते केव्हा टोचावयाचे हे कोणी शिकविले आहे काय?