आधी बेल्ट, मग आभाळ!

मागच्या दसऱ्याला माझ्या धाकट्या दिरांनी नवी गाडी घेतली. रंग कुठला, मायलेज किती, हे प्रश्न नंतरचे. नऊ वर्षांच्या पुतण्याची एकच अट होती, ‘पप्पा, वरची काच उघडणारी पाहिजे.’ सनरूफसाठी लाखभर रुपये जास्त मोजले. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सगळे जोतिबाला निघालो.

गाव सुटायच्या आत दोन्ही मुलं सीटवर उभी राहिली. कमरेपासून वरचा भाग बाहेर! मी म्हटलं, ‘भाऊजी, पोरांना खाली बसवा.’ भाऊजी हसले. जाऊबाई म्हणाल्या, ‘ताई, नवी हौस आहे, दोन मिनिटं राहू द्या.’ आता सगळ्यांच्या आनंदात आपण का माती कालवा, म्हणून मी गप्प बसले. तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं. भाऊजींनी ब्रेक दाबला आणि पुतण्याची हनुवटी छताच्या कडेवर आदळली. तीन टाके पडले. सासूबाईंनी घरी येऊन मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. म्हणाल्या, दृष्ट लागली. मला मात्र राहून राहून वाटत होतं, दृष्ट नाही, मी गप्प बसले ते लागलं.

मैत्रिणींनो, साधा हिशेब आहे. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आत उभं असलेलं पोर त्याच वेगाने पुढे जातं. बेल्ट नाही, त्यामुळे धरून ठेवायला काहीच नाही. एअरबॅग असतात त्या बसलेल्या माणसासाठी. उभ्या मुलाला त्यांचा काय उपयोग? त्यात आपले रस्ते! खाली आलेल्या तारा, झाडाच्या फांद्या, मांडवाच्या दोऱ्या. आणि संक्रांतीच्या सुमारास मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. दुचाकीवाल्यांचे गळे कापल्याच्या बातम्या दर संक्रांतीला आपण वाचतो. मग छतातून बाहेर आलेल्या मुलाचा गळा वेगळा असतो का?

कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं, तर १,००० रुपये दंड होतो. पण पोलीस काय दर वळणावर उभे असतात? तिथे आईलाच उभं राहावं लागतं.

आता दुसरी गोष्ट. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि गाडीत जाऊबाईंच्या डोक्यावर टपटप पाणी पडायला लागलं. सगळ्यांनी पुतण्यालाच धरलं, ‘तूच काच उघडी ठेवली असशील!’ बिचारा रडकुंडीला आला. मेकॅनिकने पाहिलं तर काच घट्ट बंद होती. गाडी रोज कडुनिंबाखाली उभी असायची. त्याची पानं कडेच्या खाचेत जाऊन कुजली होती.

तेव्हा मला कळलं ते असं. सनरूफच्या रबरातून थोडं पाणी आत झिरपतंच. ते कडेच्या खाचेत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, दरवाजांच्या खांबांच्या आतून खाली जमिनीवर पडतं. म्हणजे आपल्या कौलारू घराची पन्हळच की! मृगाच्या आधी आपण पन्हळ साफ करतो, तशीच ही करायची. काच उघडून ओल्या मऊ फडक्याने रबर आणि खाच पुसायची. कोपऱ्यात वाटीभर पाणी हळूहळू ओतायचं आणि गाडीखाली पडतंय का ते बघायचं. पडत नसेल तर तार खुपसू नका, नळी फाटते किंवा आतच निसटते. मेकॅनिककडे न्या.

काच सरकताना कुरकुरली म्हणून खोबरेल किंवा शिलाईयंत्राचं तेल घालायला जाऊ नका. त्यावर धूळ बसून आणखी घट्ट चिखल होतो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ग्रीसच वापरा. पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर आधी वरचं पाणी पुसा, मग काच उघडा. गाडी लावून उतरताना वर एकदा नजर टाका. आणि काच बंद होत असताना मुलांची बोटं तिथे नाहीत ना, हे बघा. अडथळा आला की काच थांबण्याची सोय बऱ्याच गाड्यांत असते, पण पोराच्या बोटांवर तिची परीक्षा कशाला घ्यायची?

यंदाच्या हळदीकुंकवात मी हे सगळं सांगितलं. एकजण म्हणाली, ‘काकू, आमच्याकडे कुठली आलीय असली गाडी?’ तिची शेजारीण लगेच बोलली, ‘अगं, पण आपली पोरं लोकांच्या वरातीत जातात की!’ खरंच आहे. नवरा-नवरी छतातून हात हलवतात, मोबाईलवर रील निघतं आणि मागच्या गाडीत आपलं पोर तेच करतं.

सनरूफ वाईट नाही हो. सीटवर बसून, बेल्ट लावून डोक्यावरचं आभाळ बघण्यात मजाच आहे. वाईट आहे ती आपली भीड. दीर काय म्हणतील, जाऊ काय म्हणेल, यजमानांना राग येईल, या विचाराने आपण बायका गप्प बसतो. पण हनुवटीचे टाके मोजायची वेळ आली की ते पोर आपल्याच मांडीवर असतं.

परवा पुन्हा सगळे निघालो. सहा वर्षांची पुतणी आत बसताच म्हणाली, ‘मोठ्या आई, आधी बेल्ट, मग आभाळ!’ भाऊजींनी गाडी सुरू केली नाही, आधी मागे वळून बघितलं. जाऊबाईंनीही बेल्ट लावला होता. मग त्यांनीच सनरूफवरचा पडदा सरकवला.