दप्तरांचा ठावठिकाणा

इंदूरच्या मल्हारगंजाने मल्हारराव होळकरांचे नाव अद्याप जपले आहे. याच नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली. परंतु तेथील मराठी संस्थांपाशी कोणते ग्रंथ, कोणती दप्तरे आहेत, हे पणजीच्या अभ्यासकास कळावे कसे? तंजावरला सरस्वती महाल, लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ! गोव्यातील रामायण-महाभारत कथांची रोमन लिपीतील मराठी व कोकणी हस्तलिखिते तर पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. ठेवा असा सातासमुद्रांपार विखुरलेला असता देशोदेशींच्या संस्थांची सामायिक सूची का नसावी? ती मात्र नुसती नावा-पत्त्यांची नको. पदाधिकारी बदलले की असली पुस्तिका रद्दीत जाते. संग्रहात काय आहे, लिपी मोडी की देवनागरी, पाहावयास कोणाची अनुमती लागते, हे नोंदले पाहिजे, आणि दरसाल तपासलेही पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. आता शाल-श्रीफळे थोडी आवरती घेऊन महाराष्ट्र शासनाने मोडी जाणणारी दोन माणसे प्रथम इंदूरला धाडावीत.