नोटीस निघते, शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेली कागदपत्रे आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत एखादी सरकारी नोटीस दडलेली असते. अमुक सर्व्हे नंबरवरील खेळाच्या मैदानाचे आरक्षण वगळून ती जमीन निवासी विभागात घेण्याचे योजिले आहे, हरकती असल्यास एक महिन्यात कळवाव्यात! मैदानाला लागून असलेल्या वस्तीत ती वाचणार कोण? वाचली तरी सर्व्हे नंबरवरून ते आपलेच मैदान, हे उमगणार कसे? महिना सरतो आणि हरकत आलीच नाही, असा शेरा मारायला फाईल मोकळी होते.

वास्तविक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ इतका गाफील नाही. विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर कलम ३७ नुसार राजपत्रात नोटीस द्यावी लागते. शिवाय बाधित होणाऱ्या सर्व व्यक्तींना नोटीस बजावून त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. कायदा 'व्यक्ती' म्हणतो, 'मालक' म्हणत नाही. पण बाधित कोण, हे ठरवताना कार्यालयाच्या हाताशी सातबारा आणि मिळकत पत्रिका असते. भाडेकरू आणि झोपडीधारक त्यात कुठून सापडणार?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने येथे फुटपट्टी लावली आहे. जमिनीच्या वापरासंबंधीच्या जाहीर सुनावणीआधी किमान १० दिवस, ३०० फुटांच्या आतील मालकांना टपालाने नोटीस द्यायची. फूट मोजता येतात, त्यात साहेबांची मर्जी चालत नाही. मात्र नावे घ्यायची ती करआकारणीच्या यादीतून, म्हणजे भाडेकरू तिथेही बाहेरच! आणि मालकांची संख्या १,००० हून अधिक असेल तर वर्तमानपत्राच्या एक अष्टमांश पानाची जाहिरात दिली तरी भागते. जिथे शेजारी जास्त, तिथे टपालखर्च वाचवण्याची सोय!

आपल्याकडे इमारत परवानगीच्या कलम ४४ व ४५ मध्ये तर शेजाऱ्याला नोटीस देण्याची अटच नाही. अर्जदाराला मात्र ६० दिवसांत निर्णय न कळल्यास मानीव परवानगीचा लाभ आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनेही इमारत व वसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. मोठा प्रकल्प उभा राहतो, सांडपाणी खालच्या वस्तीत येते, तेव्हा कुठे वस्तीला पत्ता लागतो.

शेजाऱ्याच्या हरकतीला दुसरी बाजूही आहे, ती लपवू नये. वसतिगृह नको, पुनर्वसनाची इमारत नको म्हणणाऱ्या सुखवस्तू सोसायट्याही हरकतच घेतात, आणि त्यांना वकील लवकर मिळतो. म्हणून ऐकून घेण्याचा हक्क म्हणजे नकाराधिकार नव्हे. निर्णय नियोजनाच्या कारणांवर आणि लेखी व्हावा.

परंतु ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचे ऐकायचेच नाही, हा पवित्रा १९८५ नंतर टिकत नाही. ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांनाही हटवण्याआधी नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी देणे हाच नियम मानला. पदपथावरच्या माणसाला जो न्याय, तो मैदानाशेजारच्या भाडेकरूला का नाही? मतदार यादीवरून घरोघर नोटीस देता येते. जागेवर नकाशासह मराठीत फलक लावता येतो.

तोवर वस्तीतील तरुणांनी एवढे करावे. आपल्या परिसरातील प्रत्येक फेरबदलात कुणाकुणाला नोटीस बजावली, त्याची यादी आणि पोच माहिती अधिकारात मागावी.