काकूंचे शेंगोळे

सातवीत १७९५ ची खर्ड्याची लढाई शिकवली गेली. निजाम आमच्याच गावच्या किल्ल्यात कोंडला गेला होता. मधल्या सुट्टीत पोरं मला चिडवू लागली, "तुमचा निजाम हरला!" मैत्रिणीने काही न बोलता मला घरी जेवायला नेलं. काकूंनी कुळथाचे शेंगोळे केले होते. लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्श्यात माझं रडू खपून गेलं. पुढे अम्मी ते काकूंकडून शिकली.

आता दोघीही नाहीत. परवा मैत्रिणीचा फोन आला, "आईसारखे जमत नाहीत गं." मी सांगितलं, पीठ घट्ट मळ, रश्श्याला उकळी आल्यावरच सोड, थोडं पीठ पाण्यात कालवून वरून ओत. आणि दाण्याचं कूट? ते काकूंचं की अम्मीचं, आम्हा दोघींनाही आठवेना.