शेवग्याचं बारसं

पनीरवरच्या लेखापासून ज्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, त्यांनी हा आठवडाही सोडून द्यावा. बाकीच्यांना आठवत असेल, मागच्या चैत्रात मी लिहिलं होतं की शेवगा एक दिवस इंग्रजी नाव लावून येईल आणि आपण त्याला पैसे मोजून ओवाळू. परवा आला. पुण्यातल्या एका हॉटेलात, ‘मोरिंगा स्प्रिंग सूप’. २८० रुपये वाटी.

पहिल्याच चमच्याला जुनी ओळख पटली: कॉर्नफ्लॉवर. शेवगा बिचारा त्याच्या घरी पाहुणा. गप्पांत दहा मिनिटं गेली, तोवर वाटीवर जाड साय.

त्याच रात्री हट्टानं घरी शेंगा उकडल्या. सहा शेंगा, बोटभर तुकडे, नखानं फाटतील इतके मऊ. चार तुकडे अख्खे ठेवले, बाकीच्यांचा गर चमच्यानं खरवडून त्याच पाण्यात कालवला, गाळला. चैत्र आहे, म्हणून आमसूल नाही, उकडलेल्या कैरीचा बलक. गुळाचा खडा. नारळाचं दाट दूध अगदी शेवटी, आणि मग आच बारीक. आंबटात ते रटरटलं की फाटतंच. वरून तुपाची फोडणी: जिरं, चार मेथीदाणे, हिंग, सुकी मिरची.

दोन्ही वाट्या दाटच होत्या. पण कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून उकळत्या भांड्यात ओतलं, की मिनिटभरात काहीही दाट होतं. कोबी, गाजर, टोमॅटो, नाहीतर नुसतं पाणी. म्हणूनच मेनूकार्डावर सुपं दहा आणि जिभेवर एक. शेवग्याच्या साराचा दाटपणा शेंगेनंच द्यावा लागतो. शेंग जून निघाली तर सार पातळ, आणि ते लपवायला जागा नाही. ठेवलं तर गर तळाशी बसतो, वर पाणी दिसतं. हॉटेलवाल्यांच्या लेखी हा दोष. चमचा फिरवा, परत एकजीव होतं. त्या सायीला हे जमवून दाखवा.

शिवाय हॉटेलच्या वाटीत एकही शेंग नव्हती. चारचौघांत चोखायची कशी! आमच्या सोसायटीतली मुलं शेंग काट्यानं टोचतात, याचाही दोष मी कॉर्नफ्लॉवरलाच देतो. पुरावा नाही. मागूही नये.

आणि संस्कृतात ‘सूप’ म्हणजे वरण, ‘सूपकार’ म्हणजे आचारी. इंग्रजी सुपाशी या शब्दाचं नातं नाही, हे मला पत्रानं कळवू नका. ठाऊक आहे. पण त्या आचाऱ्याला मक्याचं पीठ ठाऊक नव्हतं, एवढं तरी मान्य कराल?

वाटीभर सार शेजारच्या काकूंकडे पाठवलं. रिकामी वाटी परत द्यायला त्या स्वतः आल्या. “शेंगा छान आहेत रे,” म्हणाल्या, “पण कैरी तोतापुरी घातलीस का? आंबटाला कमी पडलं.”

तोतापुरीच होती.

— पळी