‘१०००० ग्रिट’ फक्त ४९९ रुपयांत? वस्तऱ्याचा दगड घेण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये मी एका शॉपिंग अ‍ॅपवरून चार दगडांचा सेट मागवला. त्यावर ४००, १०००, ३००० आणि १०००० ग्रिट असं छापलेलं होतं. रेटिंग चार स्टारच्या वर होतं, आणि ‘फक्त २ शिल्लक’ असं लाल अक्षरांत झळकत होतं. मी लगेच ऑर्डर केली. शेवटच्या ‘१००००’ च्या दगडावर वस्तरा घासला, दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं. फोनच्या मॅक्रो कॅमेऱ्यातून पाहिलं, तर धारेवर आडव्या-तिडव्या चऱ्याच चऱ्या! तेव्हा कळलं की दगडावरचा आकडा आणि दगडातले कण यांचा काही संबंध असेलच असं नाही.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे रील्समुळे खऱ्या वस्तऱ्याची क्रेझ पुन्हा आली आहे. ब्लेडचा खर्च नाही, प्लास्टिकचा कचरा नाही, आणि व्हिडिओत दिसतंही भारी. पण वस्तऱ्यापेक्षा जास्त पैसे दगडांवरच वाया जातात.

आधी एक गोंधळ दूर करू. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात तो होल्डर वस्तऱ्यासारखा दिसतो, पण त्याला दगड लागत नाही. ब्लेड बदललं की काम झालं. तुमच्याकडे तो असेल तर दगड घेऊच नका. हा लेख अखंड पात्याच्या वस्तऱ्याबद्दल आहे.

ग्रिट म्हणजे मेगापिक्सेलच!

फोन घेताना आपण आता शिकलोय की १०८ मेगापिक्सेल म्हणजे आपोआप चांगला फोटो नव्हे. ग्रिटचंही तसंच आहे. आकडा जितका मोठा तितके कण बारीक, एवढं खरं. पण मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. युरोपियन फेपा पद्धतीत पी२००० च्या पॉलिश पेपरचे कण साधारण १० मायक्रॉनचे असतात. जपानी पद्धतीत १००० च्या दगडाचे कण ११ ते १५ मायक्रॉनच्या आसपास असतात. म्हणजे एकाचा २००० हा दुसऱ्याच्या १००० च्या जवळपास! लिस्टिंगवर पद्धत कोणती ते बहुतेकदा लिहिलेलंच नसतं.

त्यात कण एकसारखे असणंही महत्त्वाचं. बारीक कणांत दोन-चार जाडे कण मिसळले, तर धारेवर चरे तेच पाडतात. स्वस्त डायमंड प्लेटचाही हाच त्रास असतो. ‘३०००’ लिहिलेलं असलं तरी हिऱ्याचे टोकदार कण वर आलेले असतात आणि खोल ओरखडे काढतात. खराब धार नव्याने बसवायला ती चालेल, पण शेवटच्या टप्प्याला नको.

नियम काय करतात?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. जून २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगण्यात आलं. रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हा मानक आहे, पण तो आला ऐच्छिक म्हणून.

हे सगळं चांगलंच आहे. ‘२ शिल्लक’ खोटं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पण दगडातले कण मोजून बघणारा त्या अ‍ॅपवर कुणी बसलेला नाही. शिवाय बहुतेक रिव्ह्यू स्वयंपाकघरातल्या सुरीचे असतात. टोमॅटो कापला की पाच स्टार! गालाची परीक्षा वेगळी असते. त्यामुळे ही तपासणी आपल्यालाच करावी लागते.

मग घ्यायचं काय?

वस्तऱ्याच्या धारेचे तीन टप्पे असतात. १००० च्या दगडावर धारेचा उतार बसवायचा, ४००० ते ८००० वर चरे काढायचे आणि त्याहून बारीक दगडावर शेवटचा हात फिरवायचा. सुरीसाठी मिळणारा १०००/६००० चा जोड दगड इथे अर्धाच उपयोगी, कारण ६००० वर थांबलं तर दाढी खरखरीत होते.

पण खरी बचत इथे आहे: हे तिन्ही टप्पे प्रत्येकाला लागत नाहीत. वस्तरा ‘शेव्ह रेडी’, म्हणजे जाणकाराने धार लावलेला घेतला, तर तुम्हाला फक्त शेवटचा टप्पा लागतो. त्यासाठी नानिवा १२००० सारखा जपानी दगड उत्तम, पण तो काही हजारांत जातो. बजेट कमी असेल तर एक मायक्रॉनची लॅपिंग फिल्म घ्या. तुमच्या घरी फायबरचं इंटरनेट असेल, तर त्या केबलच्या कनेक्टरचं टोक अशाच प्रकारच्या फिल्मवर पॉलिश होतं. काम इतकं नाजूक असल्यामुळे तिथे कणांचा आकार काटेकोर ठेवावा लागतो आणि फिल्मवर तो थेट मायक्रॉनमध्ये लिहिलेला असतो.

काचवाल्याकडून आठ-दहा मिमी जाड सपाट काचेचा तुकडा घ्या आणि त्याच्या कडा घासून घ्या. काचेवर पाण्याचे थेंब टाकून फिल्म चिकटवा, वरूनही थोडं पाणी लावा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून हलक्या हाताने दहा-वीस हात मारा. दाब पात्याच्या वजनाइतकाच हवा. पाठ उचलू नका, कारण कोन तीच सांभाळते. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर फिरवा, पण तिथे उलटं: पाठ पुढे, धार मागे. विसरलात तर पट्टा कापला जाईल.

धार नीट टेकते का हे पाहायला धारेच्या उतारावर मार्करची रेघ मारा आणि एक हात फिरवा. शाई सगळीकडे सारखी गेली तर ठीक. काही ठिकाणी राहिली तर तिथे दगड लागतच नाही, आणि कितीही बारीक फिल्म वापरली तरी उपयोग नाही. तेव्हा १००० च्या चांगल्या दगडाकडे किंवा जाणकाराकडे जायचं.

माझा चार दगडांचा सेट? त्यातला ‘१०००’ आता आईच्या विळीला धार लावतो आणि ती खूश आहे. वस्तऱ्यासाठी काच आणि फिल्म मिळून हजाराच्या आत काम झालं. पुढच्या सेलमध्ये आकडा मोठा आणि किंमत छोटी दिसली, तर कार्टमध्ये टाकण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: कण किती मायक्रॉनचे आहेत? उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.