चिंध्यांचंच तर आहे!

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत, हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचे यावर बायकांची बैठक बसली होती. इतकी वर्षे आम्ही प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या असे काहीबाही लुटत आलो. त्यातले निम्मे पुढच्या संक्रांतीला दुसऱ्याच कुणाच्या घरून आपल्याकडे परत येते, हा सगळ्यांचाच अनुभव. तेव्हा एका सुनेने सुचवले, की कापडाच्या तुकड्यांची, गोधडीसारखे टाके घातलेली, गरम भांडी धरायची फडकी द्यावीत. दिसतील छान आणि रोज हाताशी राहतील. सूचना सर्वांना पसंत पडली.

तुकड्यांना आमच्याकडे तोटा नाही. भाईंदर पूर्वेचे गाळे स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध; पण कपडे शिवणारेही लहान गाळे तिकडे आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्या दाराशी कात्रणांची पोती पडलेली असतात. शिवणारी बाईही मिळाली. साड्यांना फॉल-पिको करून देतात त्या. त्यांनी एक नमुना करून आणला आणि फडक्याचे ऐंशी रुपये सांगितले. साठ नग हवे होते. ‘‘अहो, चिंध्यांचंच तर आहे! चाळीस घ्या,’’ असे कुणीतरी म्हणाले. वाचकांपासून कशाला लपवू? म्हणणारी मीच होते.

बाईंनी वाद घातला नाही. ‘‘बघा काकू, तुम्हाला परवडेल तसं सांगा,’’ एवढे बोलून नमुना तिथेच ठेवून त्या गेल्या.

रात्री तो नमुना घेऊन बसले. उभा जन्म बँकेत आकडे तपासण्यात गेला. कादंबऱ्या लिहिल्या तरी ती खोड सुटलेली नाही. फडके आठ इंच लांब, आठ इंच रुंद. अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या सोळा ओळी. इंचाला पाच टाके. म्हणजे एका फडक्याला ६४० टाके. मिनिटाला वीस टाके धरले, तरी नुसत्या टाक्यांना अर्धा तास. तुकडे कापणे, जोडणे, आत थर बसवणे, कडेने पट्टी मारणे धरून तास सहज होतो. मी देऊ केले होते त्या तासाचे चाळीस रुपये. वर दोरा त्यांचाच.

हा हिशेब मला नवा नव्हता. तो विसरले होते, एवढेच.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. माझे वडील त्यांतलेच एक. आम्ही तेव्हा लालबागच्या चाळीत राहत होतो. घरात पगार येईनासा झाला, तेव्हा आईने लोकांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. दुपारची जेवणे उरकली, की ती खोलीभर एक जुने लुगडे ताणून अंथरी. त्यावर जुन्या धोतरांचे, चादरींचे थर, वर तुकडे जोडून केलेला पदर. कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी धरून ठेवायचे आणि मग कडेपासून सुरुवात करून चौकोनातून फिरत फिरत मध्याकडे यायचे. थरांच्या मध्ये हवा कोंडून राहते, म्हणून गोधडी ऊब देते, हे विज्ञान तिला ठाऊक नव्हते. टाका फार ओढला तर ऊब जाते, हे मात्र पक्के ठाऊक होते.

सहा फूट बाय चार फुटांची गोधडी. त्याच अर्ध्या इंचाच्या मापाने साडेचौतीस हजार टाके होतात. जवळजवळ एकोणतीस तासांचे काम. आईला त्याचे पंधरा रुपये मिळत. तासाला बावन्न पैसे. त्याच पैशांतून माझ्या बँकेच्या परीक्षेची फी भरली गेली. आणि गोधडी घेऊन जाणारी बाई दारात म्हणायची, ‘‘कापड आमचं, चिंध्या आमच्या, मग एवढे कसले?’’ मी आत अभ्यास करीत ते ऐकत असे आणि माझा संताप होई. त्याच घरातली मुलगी चाळीस वर्षांनी तेच वाक्य बोलली!

बँकेत मी शिलाई यंत्रांसाठी पुष्कळ कर्जे मंजूर केली. अर्जात यंत्राची किंमत लिहायची, कापड लिहायचे, दोरा, तेल लिहायचे. बाईच्या वेळेला रकाना नव्हता, आणि तो असावा हे मलाही कधी सुचले नाही. पुढे १९९२मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. आज बचत गटांच्या कुठल्याही प्रदर्शनात गोधड्या, दुपटी, बटवे मांडलेले दिसतात. कर्ज मिळाले, जागा मिळाली. गिऱ्हाईक मात्र अजून घासाघीस करते ती चिंध्यांच्या भावाने.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय बायका शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, २००६मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. आणि २००७मध्ये त्यांतल्या काही जणी आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात गेल्या. ते प्रकरण पुढल्या वर्षी मिटले. पण कौतुक आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसायचे ते दिसलेच.

कुणी म्हणेल, गोधडीत माया असते, तिचा असा तास-मिनिटांत हिशेब कसला मांडता? मान्य. आजीने नातवाच्या बारशाला जुन्या मऊ लुगड्याचे दुपटे शिवले, तर त्याची किंमत करणारी मी कोण! पण माया आपण आपल्या हाताने करावी. दुसऱ्याच्या हाताकडून ती निम्म्या भावात मागू नये. गाडगेबाबांच्या अंगावर ठिगळांचे वस्त्र असे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. ते कुणाच्या दारी भाकरी मागत, तर आधी तिथले काहीतरी काम करीत. चिंध्या पांघरणाऱ्या त्या माणसाला श्रमाचा भाव आपल्यापेक्षा चांगला कळत होता.

तेव्हा माझे एक साधे सांगणे आहे. सुटीच्या दिवशी मुलानातवंडांना घेऊन असे एक तरी फडके घरी शिवून पाहा. तुकडे शुद्ध सुती घ्या; गाळ्यांतली बरीच कात्रणे कृत्रिम धाग्याची असतात, ती आचेजवळ वितळतात. आत जुन्या टॉवेलचा थर घाला. बाजारातून नवे कापड आणून त्याचे तुकडे पाडू नका, त्यात गोधडीचा अर्थच हरवतो. एक फडके पुरे होईपर्यंत बोटाला सुई चार वेळा टोचेल. मग प्रदर्शनातल्या बाईला ‘‘कमी करा’’ म्हणायला जीभ सहजी उचलणार नाही.

मी शिवले. तीन संध्याकाळी गेल्या आणि ओळी नागमोडी आल्या. चौथ्या दिवशी बाईंकडे जाऊन ऐंशी रुपये कबूल करून आले आणि बोलले त्याबद्दल माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘काकू, सगळेच म्हणतात.’’

सोसायटीत मात्र साऱ्यांना ते पटले नाही. कुणी वर्गणी वाढवायला तयार होईनात. शेवटी साठांऐवजी चाळीस फडकी केली, वीस घरी तिळगुळाबरोबर नुसती हळदकुंकवाची पुडी गेली. माझे ते वाकडे फडके मी कुणाला दिले नाही. ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले आहे. चहाचे पातेले उतरवताना रोज हाती येते.